जन्मजात प्रवृत्ती आणि चारित्र्याची घडण : गुन्हेगार जमाती कायद्याच्या इतिहासातील एक प्रश्न

माणसाचा स्वभाव जन्माने ठरतो की तो घडवावा लागतो, आणि घडवावा लागत असेल तर घडवणारा कोण, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. त्याची चर्चा बहुधा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांच्या आधाराने केली जाते. प्रस्तुत लेखात ती एका कायद्याच्या आधाराने करावयाची आहे. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी संमत झालेला गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला. मधल्या जवळजवळ ८१ वर्षांच्या काळात या देशातील लक्षावधी माणसांच्या बाबतीत स्वभावाचा प्रश्न ग्रंथात राहिला नाही. तो पोलीस ठाण्यातील नोंदवहीत, परवान्याच्या चिठ्ठीत आणि काटेरी तारेच्या कुंपणात उतरला.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने कायद्याच्या इतिहासात शिरण्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविताना लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' वर्गात वाचायला घेतले की पहिली अडचण बोलीची येते, असा समज असतो. प्रत्यक्षात बोली चार दिवसांत कळते. अडतो तो 'हजेरी' हा साधा शब्द. शाळेतील हजेरी विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु काहीही गुन्हा सिद्ध झालेला नसताना प्रौढ माणसाने, केवळ अमुक एका घरात जन्मला म्हणून, रोज पोलिसांपुढे किंवा गावच्या पाटलापुढे उभे राहून आपण येथेच आहोत असे दाखवायचे, हा अर्थ सांगितल्यावर वर्ग काही वेळ गप्प राहतो. मग हमखास एक प्रश्न येतो : असा कायदा करणाऱ्यांना तो अन्याय वाटला नाही का? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की स्वातंत्र्य, प्रवृत्ती आणि चारित्र्य या तीन कल्पनांचा एक विलक्षण गुंता हाती येतो.

आरंभी कायद्याचे स्वरूप पाहू. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या आहारी गेला आहे असे मानण्यास कारण असेल, तर प्रांतिक सरकारने केंद्र सरकारकडे तसा अहवाल पाठवावा आणि मंजुरी मिळाल्यावर ती जमात गुन्हेगार म्हणून राजपत्रात जाहीर करावी, अशी १८७१ च्या कायद्याची योजना होती. जाहीर झालेल्या जमातीतील माणसांची नोंद होई. नेमलेल्या हद्दीबाहेर जाण्यास परवाना लागे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही अधिसूचना हाच अंतिम पुरावा मानला जाई. ती चूक आहे असे कोणत्याही न्यायालयापुढे म्हणता येत नसे. ही शेवटची तरतूद अपघाताने आलेली नाही. पंजाबात सांसी वगैरे जमातींची हजेरी घेण्याची वहिवाट आधीपासून होती आणि १८६७ मध्ये तेथील मुख्य न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरवली होती. न्यायालयाने बंद केलेली वाट कायद्याने पुन्हा उघडली, आणि त्या वाटेवर न्यायालयाला पुन्हा येता येऊ नये अशी व्यवस्थाही केली. आरंभी हा कायदा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब एवढ्यांनाच लागू होता. १८७६ मध्ये तो बंगालमध्ये नेण्यात आला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थान त्याच्या कक्षेत आला.

हे मागासलेल्या काळाचे लक्षण होते, त्या वेळी सर्वत्र असेच चाले, असे समाधान कोणी करून घेऊ नये. १८७१ च्याच ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमध्ये गुन्हे प्रतिबंधक कायदा संमत झाला होता. तोही सराईत गुन्हेगारावर पाळत ठेवण्यासाठीच होता. पण तेथे सराईत कोण, याची कसोटी पूर्वी सिद्ध झालेले गुन्हे ही होती. म्हणजे पाळतीखाली येण्यापूर्वी त्या माणसाने काहीतरी केलेले असावे लागे आणि ते न्यायालयात सिद्ध झालेले असावे लागे. दोनच महिन्यांनी हिंदुस्थानात झालेल्या कायद्यात ही अट नाही. लंडनमध्ये माणसाच्या कृतीवर पाळत बसली, आणि हिंदुस्थानात ती जन्मावर बसली. एकाच साम्राज्याने एकाच वर्षी केलेल्या दोन कायद्यांतील हे अंतर मला या विषयातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

हे अंतर कशाने भरून काढले? येथे जातिव्यवस्था कामी आली. विधिमंडळातील चर्चेत मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा होता की हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो. सुताराचे घराणे शतकानुशतके सुतारकीच करील. त्याच न्यायाने ज्यांचे पूर्वज गुन्हे करीत आले त्यांचे वंशज गुन्हेच करणार. आनुवंशिकतेच्या पाश्चात्त्य शास्त्रातून हा विचार आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडणारा लोंब्रोझोचा इटालियन ग्रंथ १८७६ चा, म्हणजे कायद्यानंतर पाच वर्षांनी आलेला. गॉल्टनचे आनुवंशिक बुद्धिमत्तेवरील पुस्तक १८६९ मध्ये निघाले होते, हे खरे. परंतु कायदा करणाऱ्यांनी दाखला दिला तो कवटीच्या मापांचा नव्हे, सुताराच्या घराण्याचा. शास्त्र नंतर आले आणि त्याने आधीच ठरलेल्या गोष्टीला आधार पुरवला. आपल्याच समाजाने शतकानुशतके सांभाळलेली एक समजूत परक्या राज्यकर्त्याने उचलली आणि तिला कायद्याचे हात दिले, हे मान्य करताना आपल्याला संकोच वाटतो. पण इतिहासाला तो संकोच परवडत नाही.

सुताराचा दृष्टान्तही तपासून पाहण्यासारखा आहे. सुताराचा मुलगा सुतार होतो तो हातात रंधा घेऊन जन्मल्यामुळे नव्हे. त्याला बापाजवळ बसवून वर्षानुवर्षे शिकवावे लागते. शिकवले नाही तर तो सुतार होत नाही. म्हणजे दृष्टान्त शिक्षणाचा होता आणि सिद्धान्त मात्र रक्ताचा काढला गेला. शिवाय ज्यांच्याविषयी हे बोलले जात होते त्यांतील पुष्कळांचा पिढीजात धंदा चोरी हा नव्हताच. बंजारा किंवा लमाण हे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणारे व्यापारी होते. दक्षिणेतील कोरवा, येरुकुला हेही मीठ-धान्याची ने-आण करीत. १८५३ नंतर लोहमार्गांचे जाळे पसरत गेले, मिठावर सरकारी मक्तेदारीची आणि कराची पकड बसली, जंगलाच्या कायद्यांनी चराई आणि शिकार यांवर बंदी आली, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने उरलेसुरले मोडले. मीना राधाकृष्ण यांनी कोरवांच्या संदर्भात ही उकल सविस्तर केली आहे. पारध्याची शिकार गेली, लमाणाचा बैल गेला. राहिले ते फिरणे. आणि साधन गेलेल्या माणसाचे फिरणे हेच राज्यकर्त्यांना त्याच्या दुष्ट प्रवृत्तीचे चिन्ह वाटू लागले. या जमातींपैकी कोणीच चोरी करीत नव्हते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. काही करीत होते आणि काहींच्यात तिचे शिक्षणही दिले जाई. प्रश्न चोरी होती की नव्हती हा नसून तिचे कारण कोठे शोधले गेले हा आहे.

येथे मूळ तात्त्विक पेच उभा राहतो. दंडाची सारी कल्पना माणसाच्या स्वातंत्र्यावर उभी असते. अमुक माणसाला वेगळे वागता आले असते, तरी तो तसा वागला नाही, म्हणून तो दोषी. ज्याला वेगळे वागताच येत नाही त्याला आपण आजारी म्हणू, दुर्दैवी म्हणू. दोषी म्हणणार नाही. १८७१ च्या कायद्याने मात्र एकाच माणसाला दोन्ही ठरवले. प्रवृत्ती जन्मजात, म्हणजे त्याला पर्याय नाही. आणि तरीही शिक्षा आहेच. १९११ च्या कायद्याने तर अनुसूचीत दिलेल्या गुन्ह्यांसाठी अशा जमातीच्या माणसाला दुसऱ्या खेपेस किमान सात वर्षे आणि तिसऱ्या खेपेस जन्मठेप काळे पाणी अशी तरतूद केली. संशयास्पद स्थितीत सापडणे एवढ्यावरही तीन वर्षांपर्यंत कैद देता येई. ज्याचे स्वातंत्र्य सर्वांत कमी मानले त्याची जबाबदारी सर्वांत जास्त धरली. तर्कशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने ही विसंगती दाखवून दिली असती. पण विसंगती टिकून राहते तेव्हा तिचा कोणाला तरी उपयोग असतो, आणि येथे तो होता.

दुसरी विसंगती याहून गंभीर आहे आणि तीच या लेखाचा खरा विषय होय. ज्यांचा स्वभाव जन्माने पक्का झालेला आहे असे कायद्याने जाहीर केले, त्यांचेच चारित्र्य सुधारण्याचा उद्योग त्याच कायद्याखाली हाती घेण्यात आला.

या उद्योगाचा पूर्वप्रयोग जबलपूरला झाला होता. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला, आणि त्यानंतरच्या काळात शरण आलेल्या ठगांना व त्यांच्या मुलांना जबलपूरच्या उद्योगशाळेत सतरंज्या, गालिचे, तंबू करण्याच्या कामाला लावण्यात आले. १८९७ च्या दुरुस्तीने गुन्हेगार जमातींच्या चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. चार वर्षांच्या मुलाला आईपासून दूर नेण्याचे समर्थन एकच असू शकते, ते म्हणजे आईजवळ राहिला तर बिघडेल. अर्थात तो अजून बिघडलेला नाही. अर्थात प्रवृत्ती रक्तात नाही, ती सहवासात आहे. कायद्याच्या एका कलमाने जे ठामपणे सांगितले ते दुसऱ्या कलमाने असे गुपचूप मागे घेतलेले दिसते.

१९०८ मध्ये गोरखपूर येथे डोमांसाठी वसाहत चालविण्याचे काम मुक्तिफौजेकडे आले आणि फ्रेडरिक बूथ-टकर यांनी या कामाचे मोठे तंत्र उभे केले. गुन्हेगारी हा बरा करण्याजोगा रोग आहे, अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या पुस्तिकेला दिले. १९१३ मध्ये आंध्रात येरुकुलांसाठी स्टुअर्टपुरम् वसले. मद्रास सरकारातील हॅरोल्ड स्टुअर्ट या अधिकाऱ्याचे नाव त्या वस्तीला मिळाले आणि अजूनही ते चालू आहे. तेथील माणसे शेतीवर आणि जवळच्या चिराळा येथील तंबाखूच्या कारखान्यात कामाला जात. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने विजापूरपासून सुरुवात करून हुबळी, गदग, बेळगाव, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी वसाहतींची मालिका उभी केली. सोलापूर आणि हुबळी येथील वसाहतींची माणसे प्रामुख्याने कापडगिरण्यांत जात. सोलापूरच्या कामात अमेरिकन मराठी मिशनचा सहभाग होता. गिरण्यांना मजूर हवे होते आणि कुंपणातील मजूर संपावर जाताना दहा वेळा विचार करतो, हे गिरणीमालकांना सांगावे लागत नव्हते.

स्टार्ट यांच्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण त्यांना खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. हाच अधिकारी पुढे मागासवर्गीयांच्या खात्याचा प्रमुख झाला. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या अस्पृश्य आणि आदिवासी जमातींविषयीच्या समितीचा तो अध्यक्ष होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. १९३० मध्ये समितीचा अहवाल आला. शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांवर या माणसाचा खरा विश्वास होता, असे दिसते. वसाहतीतील व्यवस्थाही पायऱ्यापायऱ्यांची होती : आधी कुंपणाच्या आत, मग वर्तन चांगले दिसले की सवलत, नंतर अटींवर मुक्तता आणि शेवटी कुंपणाबाहेरची मोकळी वस्ती. स्वभाव बदलतो असा ज्याचा विश्वास नाही तो अशी शिडी बांधणार नाही. या शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे मूळ कायद्याचे खंडन होते.

पण शिडी चढविण्याची रीत काय होती, हे पाहिले म्हणजे प्रयोग कोठे फसला ते ध्यानात येते. चारित्र्य म्हणजे काय? माणसाला दोन वाटा मोकळ्या असताना तो कोणती निवडतो आणि ती निवड पुन्हा पुन्हा करीत गेल्याने त्याच्या अंगी काय मुरते, यालाच आपण चारित्र्य म्हणतो. एकच वाट मोकळी असेल तर तीवरून चालणे ही सवय होईल, शिस्त होईल, चारित्र्य होणार नाही. वसाहतीतील माणसाने चोरी केली नाही तर ते कुंपणाचे यश. त्याने चोरी केली तर तो रक्ताचा दोष. म्हणजे त्याच्या सद्वर्तनाचे श्रेय त्याला कधीच मिळू शकत नव्हते आणि दुर्वर्तनाचा दोष तेवढा त्याचा होता. रात्री हजेरीच्या वेळी जागेवर असणे हा जेथे सद्गुण, तेथे आजारी नातेवाइकाला भेटायला विनापरवाना दुसऱ्या गावी गेलेला माणूस गुन्हेगार ठरतो. मला तर तो माणूस त्या रात्री वसाहतीतील सर्वांत चारित्र्यवान माणूस वाटतो.

आता हे सारे चालू असताना मराठी विचारविश्वात काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. १९१५ या एका वर्षी दोन मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य', जो त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिला. दुसरा त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा'. हे दोन ग्रंथ एकत्र वाचण्याची आपल्याकडे रीत नाही. एक तत्त्वज्ञानाच्या कपाटात असतो, दुसरा समाजशास्त्राच्या.

'गीतारहस्या'चे दहावे प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' या नावाचे आहे. प्राणी आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतात, तेथे निग्रह काय करणार, असे गीताच एके ठिकाणी विचारते. मग उपदेशाला आणि प्रयत्नाला अर्थ काय उरतो? टिळकांचा रोख असा की देह आणि इंद्रिये कर्माच्या साखळीत बांधलेली असली तरी आत्म्याची प्रेरणा स्वतंत्र आहे. तिला साधने मात्र प्रकृतीचीच वापरावी लागतात आणि म्हणून सुधारणा हळूहळू, अभ्यासाने होते. थोडासा प्रयत्नही वाया जात नाही. या मांडणीत प्रवृत्तीचे बळ नाकारलेले नाही, फक्त तिला अखेरचा शब्द दिलेला नाही. साधनांविषयीचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे : प्रेरणा स्वतंत्र असून भागत नाही, हातात साधन लागते.

'गावगाडा' हा गावाच्या अर्थव्यवस्थेचे इतके बारकाईने चित्र काढणारा ग्रंथ की त्याला मराठीत जोड नाही. आत्रे यांना महसूल खात्याच्या कामाचा अनुभव होता आणि गावाचा प्रत्येक बलुतेदार, प्रत्येक हक्क, प्रत्येक पेंढी त्यांना ठाऊक होती. त्यात 'फिरस्ते' असे एक प्रकरण आहे. गावावर येऊन पडणाऱ्या भटक्यांची तेथे जी वर्णने आहेत त्यांत निरीक्षण अचूक आहे, पण सहानुभूती जवळजवळ नाही. गावकऱ्याच्या कणगीवर पडणारा भार, हीच त्यांची ओळख. आत्रे यांनी 'गुन्हेगार जाती' या नावाचे पुस्तकही लिहिले आहे. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे गुन्हेगार वर्गांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९०८ मध्ये आले होते. पोलिसांच्या हाताशी असावे अशा या प्रकारच्या पुस्तकांत प्रत्येक जमातीचा पेहराव, सांकेतिक भाषा आणि चोरीची पद्धत नोंदलेली असे. झाडाझुडपांच्या वर्णनग्रंथाची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. एखाद्या विशिष्ट माणसाने एखाद्या दिवशी वेगळे काही केले, याला अशा पुस्तकात जागाच नसते.

एकाच वर्षी एक मराठी ग्रंथ सांगत होता की आत्मा स्वतंत्र आहे आणि दुसरा सांगत होता की फिरस्ता फिरस्ताच आहे. वाचणारा वर्ग तोच होता, आणि त्याला यात काही विरोध जाणवल्याचे दिसत नाही. टिळकांचा विषय वेगळा होता; या कायद्याची चर्चा त्यांच्या ग्रंथात शोधणे योग्य नव्हे. तरीही असे म्हणावे लागते की आत्मस्वातंत्र्याचा सिद्धान्त आपल्याकडे फार उंचीवर राहिला. तो पारध्याच्या पालापर्यंत उतरला नाही. आणि साधनांचा जो मुद्दा त्या सिद्धान्तातच होता, जमीन, धंदा, शाळा, मोकळेपणाने हिंडण्याचा हक्क या रूपांनी त्याचा विचार करण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर पडले.

ज्यांच्याविषयी हे सारे बोलले जात होते ती माणसे या काळात मुकी नव्हती. मदुरा जिल्ह्यातील पिरमलै कळ्ळर या शेतकरी-रक्षक समाजाला १९११ च्या कायद्याखाली बोटांचे ठसे देण्याची सक्ती झाली. पेरुंकामनल्लूर या गावाने ठसे देण्याचे नाकारले. ३ एप्रिल १९२० रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात सोळा जण मारले गेले. चोरी करण्याची जन्मजात ओढ असलेल्यांचे हे वर्तन नव्हे. आपल्याला न विचारता आपल्या मुलाबाळांच्या स्वभावाचा निर्णय कोणी करू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि त्याची पूर्ण किंमत त्यांनी मोजली. गुन्हेगारीच्या वर्णनग्रंथांत अशा दिवसाची नोंद कोणत्या रकान्यात करतात?

आता पुन्हा मराठी आत्मकथनांकडे वळतो, कारण प्रवृत्ती आणि घडण यांविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा तेथे आहे. 'उपरा' १९८० मध्ये आणि 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. 'उचल्या'त चोरीच्या शिक्षणाची जी हकीकत येते ती कायदा करणाऱ्यांनी वाचायला हवी होती. मुलाला हात चालवायला शिकवावे लागते, त्यासाठी त्याला मारावे लागते, मार सोसायची सवय लावावी लागते, कारण उद्या पोलिसांनी मारले तरी त्याने तोंड उघडता कामा नये. जी गोष्ट एवढ्या छळाने शिकवावी लागते तिला जन्मजात कसे म्हणायचे? जन्मजात असते ती भूक. आणि या पुस्तकात ती पानोपानी आहे.

याच पुस्तकातील शाळेची हकीकत उलट बाजूने हेच सांगते. वडील मुलाला शाळेत घालतात. वस्तीत मुलांना हगवण-उलट्या सुरू होतात, आणि आपल्यातला पोर शाळेत जाऊ लागल्यामुळेच हे संकट आले असे लोक म्हणू लागतात. एका बाजूला शाळेतील हेटाळणी, दुसऱ्या बाजूला वस्तीचा राग. त्या वेळी मुलाला शाळेत ठेवणे हा खराखुरा नैतिक निर्णय होता, कारण दुसरी वाट मोकळी होती, सोपी होती आणि साऱ्या वस्तीला ती हवी होती. 'उपरा'तही गाढवांवर संसार लादून फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाच्या शिक्षणाची कथा आहे. तो जातीबाहेर लग्न करतो तेव्हा त्याला जातपंचायतीचा बहिष्कार सोसावा लागतो. म्हणजे स्वातंत्र्य नाकारण्याचे काम केवळ सरकारच करीत होते असे नाही. कायद्याने बाहेरून कुंपण घातले आणि पंचायतीने ते आतून बळकट केले, कारण ज्याला बाहेर कोणीच थारा देत नाही त्याला जातीवाचून जगता येत नाही. आत्मकथनांच्या लेखकांनी हे लपवलेले नाही. त्यांच्यावर स्वकीयांचा रोष ओढवला तो यासाठीही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मद्रासने १९४७ मध्ये आणि मुंबईने १९४९ मध्ये हा कायदा आपापल्या प्रांतापुरता रद्द केला. अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या अहवालानंतर १९५२ मध्ये तो देशभर गेला. पण मद्रासने १९४८ मध्येच सराईत गुन्हेगारांविषयीचा वेगळा कायदा केला होता. मुंबईचा तसा कायदा १९५९ चा. आता जमातीऐवजी व्यक्ती आली, म्हणजे लंडनने १८७१ मध्ये जी कसोटी मानली होती ती आपण ८० वर्षांनी मानली. तत्त्वतः हा मोठाच फरक होता. ठाण्यातील नोंदवह्या मात्र त्याच राहिल्या आणि त्या चाळणारी माणसेही तीच होती.

१९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा खेडिया शबर तरुण कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. बुधनच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश दिला. अहमदाबादच्या छारानगरमध्ये, जेथे एकेकाळी अशीच वसाहत होती, छारा तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवले आणि त्यातून एक नाट्यसंस्था उभी राहिली. जमात दूरची, भाषा दूरची, प्रांत दूरचा. जोडणारा धागा फक्त कायद्याचा. ज्यांना एकेकाळी एका शिक्क्याने एकत्र केले त्यांनी तो शिक्का आपल्या ऐक्याचे कारण केला, हे वसाहतींच्या कोणत्याही अधिकाऱ्याला सुचले नसते.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्यानंतर दशकभराने अहवाल दिले. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त म्हणून १४ जाती आहेत. अहवालांच्या शिफारशींचे काय झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथे एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील जातिभेद करणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. त्या कलमांत पश्चिम बंगालच्या नियमावलीतील एक कलम होते. कैद्यांपैकी कोणाला रात्रीचा पहारेकरी नेमावे, याविषयीचे. पळून जाण्याची प्रबळ नैसर्गिक प्रवृत्ती ज्यांच्यात असते अशा वर्गातील माणूस त्या जागी नेमू नये, असे ते सांगत होते आणि उदाहरण म्हणून भटक्या जमातींचा उल्लेख करीत होते. १८७१ मधील तो नैसर्गिक प्रवृत्तीचा शब्द कायदा रद्द झाल्यावरही ७२ वर्षे सरकारी पुस्तकात तसाच छापलेला होता. पळून जावेसे वाटणे ही तुरुंगातील कोणत्या माणसाची प्रवृत्ती नसते, असे त्या कलमाच्या कर्त्याला कोणी विचारले नसावे.

सोलापुरात वसाहतीच्या जागी आज दाट वस्ती आहे. कुंपणाची तार केव्हाच गेली. पत्ता सांगताना लोक अजूनही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असेच सांगतात.